जिनाखालची गादी

चुन्नीलालला शंका यायला कारण लागत नसे. भाजीत मीठ कमी पडले की तो आधी विचारायचा, आज चुलीपाशी कोण येऊन बसले होते? बैल लंगडायला लागला की खूर बघायच्या आधी शेजाऱ्याचे तोंड बघायचा. असल्या माणसाच्या वाटणीला घोडी आली आणि तिचे जीन गेले धाकट्या भावाच्या वाटणीला. आता सांगा, यात कोणाचे भले व्हायचे होते?

पण वाटणी करणारे उदाराम मामा स्वतःवर भलते खूश होते. बाप वारला, वर्षश्राद्ध झाले आणि दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. धानाची शेती, बैल, भांडीकुंडी, बांधावरची मोहाची झाडेसुद्धा गोडीगुलाबीने वाटली गेली. गाडे अडले ते मैनेपाशी. मैना म्हणजे बापाची तांबडी घोडी. तिरोड्याच्या बाजाराला बाप तिच्यावरून निघायचा तेव्हा माणसे वाट सोडून बाजूला उभी राहत. चुन्नीलाल म्हणाला, मी थोरला, गावाची पाटीलकी माझ्याकडे, घोडी माझी. खेमराज म्हणाला, शिंगरू होती तेव्हापासून मी तिला वाढवली, दादाने तिला एकदा तरी खरारा केला असेल तर सांगावे. दोघेही खरेच बोलत होते, म्हणून तर भांडण मिटेना.

शेवटी मामांनी पानाची पिचकारी टाकली आणि निकाल दिला. "घोडी चुन्नीले, जीन खेमराजले. आता एकाले दुसऱ्यापाशी जाच लागन. दोघा भावायची बोलचाल तं राहीन!"

खेमराजने मान हलवली. "मामाजी, दादा तिची पाठ नासवून टाकन."

"मंग आयका दोघंही. दिवारीनंतर आपल्या गावची मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी मी येतो न सोता पाठ पायतो. पाठ साजरी असली तं घोडी चुन्नीची, कायमची. पाठीवर जखम दिसली तं खेमराजची. मंग कोनी तोंड उघडाचं नाही."

मामांची ही युक्ती दुसऱ्या कोणत्याही दोन भावांवर चालली असती. चुन्नीलाल मात्र त्याच संध्याकाळी बायकोला म्हणाला, "पाठ नासली तं फायदा कोनाचा? खेमराजचा. मंग नासवणार कोन?" निर्मलाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमच्या डोस्क्यात किडा आहे." तिने हे लग्नापासून अनेकदा सांगितले होते, आणि किडा होता तिथेच होता.

खेमराजकडे जीन मागायला जायचे नाही, हे चुन्नीलालने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. आज जीन देईल, उद्या म्हणेल माझे जीन वाहणारी घोडी माझीच. त्यापेक्षा त्याने गोंदियाची वाट धरली. तिथे रेल्वेतला कोणी गोरा साहेब बदली होऊन निघाला होता आणि त्याचे सामान विकायला निघाले होते. त्यातले चकचकीत कातडी जीन चुन्नीलालने उचलले. घोडी बरोबर नेली नव्हती. जिनाचे माप घोडीच्या पाठीवरच घ्यावे लागते, हे त्याच्या गावी नव्हते. माणसाला बसायला ऐसपैस आहे, एवढे त्याने स्वतः बसून बघितले.

इकडे पावसाळाभर घोडी जाणार कुठे? चहूकडे पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या आणि गुडघाभर चिखल. मैना चार महिने बांधावरचे हिरवे गवत खात उभी राहिली आणि पाठीने चांगली रुंद झाली. साहेबाचे जीन होते अरुंद. ते पाठीवर बसेना, त्याची पुढची टोके खांद्यांमागे रुतायची, पुढची बाजू उचलून राहायची आणि स्वाराचा भार मागे यायचा. चुन्नीलाल पहिल्यांदा त्यावर बसला तेव्हा मैनेने कान मागे पाडले आणि पोटाखालून आवळलेल्या तंगाच्या पट्ट्याला चावायला मान वळवली. ही घोडी बापाच्या हाताखाली कधी अशी वागली नव्हती.

तिरोड्याहून परत आल्यावर त्याने जीन काढले. खांद्यांच्या मागे दोन्ही बाजूंना केस घासले गेले होते. चुन्नीलालने जीन उलटे करून बोटाने चाचपले. काटा नव्हता, खिळा नव्हता, काहीच नव्हते. "म्हंजे काटा लावला होता न काढूनही घेतला," तो म्हणाला. याला काय बोलणार?

मग सुरू झाला गाद्यांचा खेळ. जिनाखाली पाठीवर गादी घालतात, तिलाच आमच्याकडे खोगीर म्हणतात. जीन टोचते ना, मग खाली मऊ घालू, असा सरळ हिशेब त्याने केला. आधी घरातली कापसाची गोधडी दुमडून घातली. घाम येऊन कापसाचे गोळे झाले आणि त्या गोळ्यांनी पाठ अजून घासली. मग गोंदियाच्या दुकानातून जाड नमदा आणला, म्हणजे लोकर दाबून केलेला तुकडा. तोही पुरेना म्हणून नमद्याखाली परत गोधडी घातली. जीन आता पाठीवर एवढे उंच झाले की चुन्नीलाल घोडीवर बसला की मचाणावर राखणीला बसल्यासारखा दिसे. मैना तंग आवळायच्या वेळी आता थरथरायची. घासलेल्या जागी सूज आली.

खेमराजला हे कळल्यावाचून कसे राहणार? दोन घरांच्या मध्ये एक कुंपण तेवढे होते. तो एका सकाळी सरळ अंगणात आला आणि जिनाकडे बघत उभा राहिला.

"दादा, जीन अरुंद आहे. खाली जितकं जाड घालशील तितकं ते जास्त दाबन. पायताण तंग असलं तं त्याच्यात चिंध्या भरतेत का कोनी?"

"तुले काऊन एवढी काळजी?"

"घोडीची आहे. माहं जीन ने. तिच्याच पाठीवरचं आहे ते."

चुन्नीलालने भावाकडे नीट बघून घेतले. याला घोडी हवी आहे, आणि हाच सांगतो खाली पातळ घाल. म्हणजे जिनातले लाकूड सरळ हाडाला लागेल. वर आपले जीनही देतो म्हणतो. माणूस एवढा चांगला कधीपासून झाला? "माह्या घोडीचं मी पायतो," तो म्हणाला, आणि खेमराज गेल्यावर त्याने खाली आणखी एक घोंगडी घातली.

इथपर्यंतचा संशय म्हणजे नुसता धूर होता. आग लागली ती बोडीवर. बोडी म्हणजे गावाबाहेरचे लहानसे तळे. दुपारी गडी पतिराम मैनेला तिथे पाणी दाखवून चरायला सोडायचा आणि स्वतः पळसाखाली डुलकी काढायचा. चुन्नीलाल त्या दिवशी मुद्दाम बघायला गेला, गडी झोपतो की काय ते. गडी झोपला होताच. पण मैनेपाशी दुसरेच कोणी उभे होते. चुन्नीलाल मोहाच्या झाडामागे सरकला.

खेमराज होता. त्याने घोडीला पाण्याने धुतले होते आणि आता तो हातातला दोरा तिच्या पाठीवर आडवा धरत होता. दोरा धरायचा, बोटांनी मोजायचा, ओठ हलवायचे आणि दोऱ्याला गाठ मारायची. पुढे सरकून परत तेच. मग त्याने कमरेची पुरचुंडी सोडली आणि ओल्या पाठीवर राख भुरभुरली. वरून पांढरे फडके दाबले, हात फिरवला आणि फडके अलगद उचलून घडी करून धोतराच्या आत घातले. घोडी हे सगळे होईपर्यंत जागची हलली नाही. चुन्नीलालसमोर तर ती तंगालाही उभी राहत नसे.

 दोऱ्याने जिवंत जनावर मोजणे, गाठी मारणे, ओठातल्या ओठात पुटपुटणे आणि वर राख! आमच्या जंगलपट्ट्यात लहान पोरालाही विचारले तरी ते सांगेल की याला काय म्हणतात. चुन्नीलाल ओरडलाही नाही. त्याला खरोखर भीती वाटली, आणि त्या भीतीत थोडा आनंदही होता, कारण आपण म्हणत होतो ते शेवटी खरे निघाले.

घरी येऊन त्याने घोडीच्या पायात काळा दोरा बांधला, तिला गोठ्यातून काढून सरळ घराच्या पडवीत आणून बांधले आणि पतिरामला ताकीद दिली की कोणीही जवळ फिरकता कामा नये. "करनी केली त्यानं. ह्या डोयानं पायलं मी," तो बायकोला म्हणाला.

"भाऊजी न करनी?" निर्मलाबाईने हातातले सूप खाली ठेवले. "तेयले साधा विंचू मारता येत नाही."

"तुलेही काही चारलं का तेनं?"

 निर्मलाबाईने सूप उचलले आणि ती धान पाखडायला लागली.

दिवाळी झाली. लवकर पिकणारे हलके धान कापून खळ्यात आले. एका दुपारी खेमराजची बायको धुरपता मागच्या दाराने आली आणि जावेच्या हातात एक खोगीर ठेवून म्हणाली, "बाई, हे जिनाखाली घालाले सांगजा. बाकी काई घालू नोका, हे एकच." चुन्नीलाल बाहेरून आला तेव्हा ते खाटेवर पडलेले होते.

त्याने हात लावला नाही. काठीने ढोसून ते उलटे केले, मग सुलटे केले. विचित्रच होते ते. पुढच्या बाजूला अगदी पातळ, मागे जाड. मधोमध पाठीच्या कण्याच्या रेषेत भरण काहीच नाही, नुसती पोकळ पन्हळ. खांद्यांमधला उंचवटा येतो तिथे अर्धगोल कापलेले. अशी गादी त्याने गोंदियाच्या दुकानातही बघितली नव्हती. सगळीकडे सारखी जाडी असते ती गादी. ही अशी वाकडीतिकडी कशाला? त्याने वास घेतला. लोकरीचा वास होता, आणि राखेचाही असावा असे त्याला वाटले. मागचा जाड भाग काठीने दाबला तर आत काहीतरी घट्ट लागले.

"घालून तं पाहा," निर्मलाबाई म्हणाली. "घोडी सुजली आहे बिचारी."

"तेच तं पायजे तेयले."

ते खोगीर त्याने काठीवर उचलून आढ्याला टांगले आणि घोडीवर पुन्हा आपला नमदा, गोधडी आणि घोंगडी चढवली. जखम व्हायची ती अशाने झाली. सुजेवरची कातडी निघाली आणि आतले लाल मांस दिसायला लागले. चुन्नीलालने त्यावर हळद आणि तेल लावले.  मैनेला तो कितीही नकोसा झाला असला तरी ती बापाची घोडी होती, आणि ती जाणार हे आता त्याला कळत होते. एका गोष्टीचा मात्र त्याला धीर होता. ही जखम कोणी केली याचा पुरावा आढ्याला टांगलेला होता.

मंडईच्या दिवशी सकाळपासून गाव फुलले. पलीकडच्या माळावर दुकाने लागली, दंडारीचे नाचे पायात घुंगरू बांधायला लागले. उदाराम मामा बैलगाडीतून उतरले ते सरळ चुन्नीलालच्या अंगणात. त्यांच्यामागून अर्धे गाव आले, कारण घोडीचा निकाल बघणे हे दंडारीपेक्षा मजेचे होते. खेमराज कुंपणापाशी उभा राहिला, धुरपता त्याच्या मागे.

मामांनी घोडीवरची झूल काढली आणि पाठीवर हात ठेवला. मैना एवढ्या जोराने दचकली की पतिरामच्या हातून दावे सुटता सुटता राहिले. मामा वाकून जखमेकडे बघत राहिले. त्यांनी काही बोलण्याआधीच चुन्नीलाल काठीवर ते खोगीर घेऊन पुढे झाला.

"थांबा मामाजी. ही जखम झाली नाही, केली आहे. दोऱ्यानं मोजून, राख लावून केली आहे. मी बोडीवर सोता पायलं. न हे पाहा, हे खोगीर घरात पाठवलं त्यायनं. ह्याच्यात करनी आहे."

 मामांनी विचारले, "हे पाठीवर घातलं होतं तू?"

"घातलं नाही! घातलं असतं तं घोडी मेली असती."

"मंग जखम कायनं झाली?"

उत्तराऐवजी चुन्नीलालने पडवीतला विळा उचलला. त्याने खोगीर अंगणात आपटले आणि सगळ्यांच्या देखत चरचर फाडले. धुरपताच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. आतून लोकर निघाली. स्वच्छ धुतलेली, पिंजलेली लोकर. मागच्या जाड भागात घोंगडीचे तुकडे निघाले, एकावर एक रचून बारीक टाक्यांनी शिवलेले. चुन्नीलालने एकेक तुकडा झटकून बघितला. लिंबू नाही, हाड नाही, टाचणी नाही. त्याने अस्तर फाडले. मग कडेची दुमडसुद्धा उसवली. शेवटी फाडायला काही उरले नाही.

"राख कायले लावली गा?" मामांनी खेमराजला विचारले.

खेमराज कुंपणापासून पुढे आला. "ओल्या पाठीवर राख टाकून फडकं दाबलं तं पाठ कोठं उंच, कोठं खोल, ते फडक्यावर उमटते. दोऱ्यानं रुंदी घेतली. दादा जवळ येऊ देत नव्हता, तं अजून काय करू? त्याचं जीन समोर रुतते न मांग खचते. म्हनून समोर पातळ केलं, मांग जाड. धुरपतानं दिवारीचं घर सारवाचं सोडून शिवलं ते."

धुरपता पुढे आली आणि खाली बसून लोकर गोळा करायला लागली. निर्मलाबाईही तिच्याजवळ बसली. दोघी जावा मान खाली घालून एकेक पुंजका वेचत होत्या. चुन्नीलालला लाज वाटली. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. विळा हातातच होता, तो कुठे ठेवावा हेही त्याला सुचेना.

मामा उठले. "बोली झाली होती ते सगळ्यायनं आयकली आहे. पाठ फुटली. घोडी खेमराजची."

"नोको मले," खेमराज म्हणाला.

मामांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. खेमराज घोडीकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. "मले तिची लय आस होती मामाजी. पन आता मी नेली न उद्या तिले साधा ताप आला, तरी दादा म्हनन, याच्यासाठीच केलं होतं सगळं. दादाचा बैल मेला तं मी, दादाची विहीर आटली तं मी. ती दादापाशीच राहू द्या. पाठ भरून येईपर्यंत तिच्यावर कोनी बसू नोका, बस."

 मामांनी डोक्याचा फेटा काढून परत बांधला. त्यांच्या शहाणपणाचे असे काही होईल हे त्यांना कधी वाटले नव्हते. मग ते निर्मलाबाईला म्हणाले, "पानी आन बाई." भांडण मिटले की दोन्ही बाजूंनी एका लोट्यातले पाणी प्यायचे, ही गावाची रीत. भांडण मिटले होते का, हे कोणी विचारले नाही.

निर्मलाबाईने विहिरीवर जाऊन ताजे पाणी ओढले, पितळी लोटा भरून आणला आणि रीतीप्रमाणे आधी दिराच्या हातात दिला. खेमराजने तो घेतला. तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. लोटा उजेडाकडे तिरपा करून त्याने आत बघितले. मग तो थोरल्या भावापुढे धरला.

"आदी तुमी प्या, दादा."

जन्मात पहिल्यांदा त्याने दादाला 'तुमी' म्हटले. चुन्नीलालला ते लागले. सगळे गाव बघत होते. त्याने विळा खाली टाकला, लोटा घेतला आणि मोठा घोट भरला. पाणी त्याच्याच विहिरीचे होते, त्याच्याच बायकोने सगळ्यांसमोर ओढलेले. तरी तो घोट त्याने लगेच गिळला नाही. जिभेवर धरला, या गालातून त्या गालात फिरवला, आणि मग घशाखाली सोडला.

निर्मलाबाईने ते बघितले. खेमराजनेही बघितले.

"पायली चव?" त्याने विचारले, आणि लोटा न घेताच तो अंगणाबाहेर निघून गेला.